आधी दार वाजवायचं

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
ग्रिम्सबीतल्या चॅपलच्या मागच्या खोलीत आम्ही नऊ जण.
लिंबाच्या साबणाने तीनदा धुतलेल्या हातांना
तरीही हॅडकचा वास.
ऑग्लबीबाई खिडकी उघडत नाहीत.
म्हणूनच मला त्या आवडतात.

दोन वर्षं त्यांनी माझी एकच चूक काढली.
व्हेअर द स्टेशन इज?
लाल शाईचा बाण : 'इज' उचला, पुढे आणून बसवा.
मी उचलायचे. रात्रीतून ते
परत मागे जाऊन बसायचं.
माझ्या तिग्रिन्यात क्रियापद शेवटीच येतं,
सगळ्यांना वाढून झाल्यावर टेकणाऱ्या माणसासारखं.
त्याला पहिल्या पंगतीला बसवलं
की अवघडतं बिचारं.

सिरवानचंही तेच. तो न्हावी, सुलेमानियाचा,
कात्री कानाजवळ नेऊन गिऱ्हाइकाला विचारतो,
हाऊ शॉर्ट यू वॉन्ट इट?
'डू' राहिलं, बाई म्हणायच्या, 'डू' कुठे गेलं?
तो खिसे चाचपायचा.

आज बाईंनी फळ्यावर लिहिलं,
कुड यू टेल मी
आणि त्याच्यापुढे, शपथ,
व्हेअर द स्टेशन इज.
मी हात वर केला. म्हटलं, बाई, हे माझं आहे.
मार्कर हातात तसाच धरून त्या थांबल्या,
फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
खरंच की, लेतेब्रहान, म्हणाल्या,
प्रश्न तुझा नीटच होता.
तू फक्त दार न वाजवता आत येत होतीस.

तर आता दार वाजवायचं.
कुड यू टेल मी. डू यू नो.
'डू' पुढच्या दारात चपला काढून ठेवतो,
आत येतच नाही. सिरवान टाळ्या वाजवतो.
आणि सगळ्यात वरचं, जपून वापरायचं :
आय वॉज वंडरिंग इफ.
त्यात काल आहे, बाई म्हणाल्या.
विचार करत होते, आता करत नाहीये,
म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला
अख्खा कालचा दिवस मोकळा.

आमच्याकडे थोरामोठ्यांशी बोलताना
मान क्रियापदाच्या पोटातच असतो.
इथे तो उंबऱ्याबाहेर अंथरतात,
पाय पुसून पुढे व्हायचं.

दांगुओलेने विचारलं,
एवढं करून उत्तर मिळतं का?
बस कुठे थांबते तेवढं मिळतं,
बाई म्हणाल्या, आणि फळा पुसला.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत,
शीतगृहाच्या भिंतीला टेकून, मी फोन लावला.
एकोणतीस मिनिटं पियानो.
मग एक कोवळा आवाज.
मी पाय पुसले, दार वाजवलं :
आय वॉज वंडरिंग इफ यू कुड टेल मी
व्हेन माय सन इज कमिंग.
एका श्वासात, एकही बाण न लागता.
बाई असत्या तर बरोबरची खूण केली असती.

आय एम अफ्रेड, तो म्हणाला,
तारीख आमच्याकडे नाही.

मला भीती वाटते, म्हणाला.
गरम खोलीत बसलेला मुलगा,
कानाला यंत्र, समोर चहा असेल.
याला कसली भीती?
मी विचारलं, ऑफ व्हॉट?
दार न वाजवता. सरळ आत.

टाइप करण्याचा आवाज थांबला.
कुणीतरी माझ्यामागे बर्फाची गाडी ढकलत नेली.
फोन ठेवला असेल त्याने, असं वाटेपर्यंत शांत.

मग त्यानेच हळूच वाजवलं,
कॅन यू टेल मी हाऊ ओल्ड ही इज?
'इज' शेवटी होतं.

चौदा, मी म्हटलं.
मग आठवलं. नाही,
पंधरा.